छातीवर दाब आला तर: पहिल्या मिनिटापासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पहाटे पावणेसहाला, मला दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायला लागलं. जबडा ठणकत होता, कपाळाला गार घाम. वय पन्नास. मी ओवा आणि काळं मीठ चावलं. मग दोन डबे भरले, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि आठ वाजता चालत जवळच्या दवाखान्यात गेले. ईसीजी काढला, ‘नॉर्मल आहे’ म्हणाले, ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन मी घरी आले. साडेअकराला पुन्हा तेच, दुप्पट. वाईहून साताऱ्याच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. तिथला ईसीजी बदललेला होता आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं, म्हणजे हार्ट ॲटॅक. संध्याकाळी एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला.

सव्वासात तास गेले. त्यात प्रवास जेमतेम एक तास. बाकीचे सहा तास मी घरातल्या घरात आणि चुकीच्या दारात घालवले. त्यानंतर भिशीतल्या, नात्यातल्या, सोसायटीतल्या किती जणांनी आपापली गोष्ट सांगितली, आणि जवळपास प्रत्येकाचा क्रम माझ्यासारखाच उलटा होता. काय करायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण आधी काय आणि मग काय हे ठरवलेलं नसतं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिते आहे. गोळ्या आणि त्यांचं प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील, तो माझा प्रांत नाही.

टप्पा १: आज, काही दुखत नसताना

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे वगळतात. चाळिशी ओलांडलेलं कुणी घरात असेल तर येत्या रविवारी एक तास काढा.

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर सगळ्यात वर १०८. त्याखाली दोन हॉस्पिटलं. पहिलं, जिथे कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालून अडथळा उघडतात ती खोली) चोवीस तास चालते. दुसरं, घरापासून सर्वांत जवळचं, जिथे आयसीयू आहे आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात. ही नावं ऐकीव माहितीवर लिहू नका, फोन करून विचारा. प्रश्न असा विचारा: ‘रात्री दोन वाजता पेशंट आणला तर तुमच्याकडे लगेच अँजिओप्लास्टी होते का?’ नुसतं ‘हार्टची सोय आहे का’ विचारलं तर सगळीकडून होच उत्तर येतं. बऱ्याच ठिकाणी यंत्र असतं, पण ते चालवणारे डॉक्टर ठरावीक दिवशी शहरातून येतात.

मग अंतर. कॅथलॅबपर्यंत जायला खरोखर किती वेळ लागतो ते एकदा गाडीने जाऊन बघा, शक्यतो गर्दीच्या वेळी. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असेल तर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत फुगा घालून ती उघडता येणार असेल तर अँजिओप्लास्टी हा पहिला पर्याय धरतात. तेवढ्या वेळात ते जमणार नसेल तर जवळच्या ठिकाणी इंजेक्शन देऊन मग पुढे हलवतात. म्हणजे दुर्गम भागात राहणाऱ्यांनी थेट मोठ्या शहराकडे गाडी दामटायची नसते, आधी जवळच्या आयसीयूचं दार गाठायचं असतं. तुमच्या घराला कोणता मार्ग लागू आहे ते कागदावर एका ओळीत लिहून ठेवा.

एक फाइल करा. आधार, रेशनकार्ड, मेडिक्लेमचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी (नाव, मिलिग्रॅम, वेळ), कशाची ॲलर्जी आहे ते, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट. आणि जुना ईसीजी. तुमचा तब्येत चांगली असतानाचा ईसीजी समोर असला तर नव्यात काय बदललं ते डॉक्टरांना चटकन कळतं. माझा २०१९ चा ईसीजी होता, पण तो माळ्यावरच्या बॅगेत. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ॲस्पिरिनबद्दल आपल्या डॉक्टरांना आजच विचारून घ्या: ‘मला छातीत दुखलं तर मी ॲस्पिरिन चावून खाऊ शकते का?’ ॲलर्जी, पोटातला अल्सर, अलीकडे झालेला रक्तस्राव, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, यांपैकी काही असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं. हो म्हणाले तर त्यांनी सांगितलेली गोळी कागदाशेजारच्या डबीत ठेवा आणि तिची मुदत संपायची तारीख कागदावर लिहा.

शेवटची तयारी बोलायची आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. ज्याला दुखतंय त्याच्या हातात निर्णय ठेवायचा नाही, हे घरात आधीच ठरवा. दुखणारा माणूस हमखास ‘थांब जरा, जाईल’ म्हणतो. मी तीनदा म्हणाले. ह्यांनी तीनदा ऐकलं. आता आमच्याकडे ठरलंय की दुसऱ्याने १०८ लावायचा, परवानगी विचारायची नाही.

तपासा: कागद वाचून शेजारच्या घरातल्या माणसाला तुमच्या मदतीशिवाय सगळं करता येईल का? रात्री सोसायटीचं कोणतं फाटक उघडं असतं, किल्ली कुणाकडे असते, हे त्यावर आहे का?

टप्पा २: पहिली दहा मिनिटं

छाती धरून कोसळणारा माणूस डोक्यातून काढून टाका. बऱ्याच जणांना ‘दुखतंय’ हा शब्दच सुचत नाही. दाब, जडपणा, आवळल्यासारखं, जळजळ, गुदमरल्यासारखं, असं काहीतरी सांगतात. ते छातीच्या मध्यभागी असू शकतं, तसंच डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, मानेत, पाठीत, बेंबीच्या वर. सोबत गार घाम, मळमळ, धाप, विनाकारण गळून जाणं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये नुसती धाप किंवा नुसता विलक्षण थकवा एवढंच दिसू शकतं. पन्नाशीच्या बाईला तो ‘पाळी जायच्या दिवसांतला’ वाटतो, मलाही वाटला.

ॲसिडिटी की हृदय, हे घरी ओळखता येत नाही. सोडा किंवा इनो घेऊन बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असंही होत नाही, कारण हृदयाचं दुखणं आपोआपही थोडा वेळ ओसरतं. मला नऊ ते अकरा अगदी बरं होतं. त्या दोन तासांत मी कपड्यांच्या घड्या घातल्या.

नियम असा धरा: विश्रांती घेऊनही दहा मिनिटांत गेलं नाही तर पुढचा क्रम सुरू करायचा, आणि सोबत घाम, धाप, चक्कर असेल तर दहा मिनिटंही थांबायचं नाही. क्रम पुढीलप्रमाणे.

१. जिथे आहात तिथे बसा, पाठ टेकवून. जिना चढू-उतरू नका.

२. दुसऱ्याने १०८ लावायचा. एकटे असाल तर आधी १०८, मग शेजारी, मग नातेवाईक. मुलाला पुण्याला फोन करून ‘काय करू’ विचारण्यात लोक वीस मिनिटं घालवतात.

३. डॉक्टरांनी आधी परवानगी दिली असेल तर ॲस्पिरिन, साधारण ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून. अख्खी गिळायची नाही. रोज घ्यायच्या छोट्या गोळ्यांवर आवरण असतं आणि अख्ख्या गिळल्या तर त्या सावकाश विरघळतात, म्हणून चावायच्या. फोन झाल्याशिवाय गोळी शोधत बसू नका.

४. दार उघडं ठेवा, कडी काढा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहा. ही वेळ पुढे प्रत्येक डॉक्टर विचारतो.

सावध: तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं पक्षाघाताची. तिथे ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असू शकतो. थेट हॉस्पिटल.

आता जे करायचं नाही ते. अंघोळ करायची नाही. ‘हॉस्पिटलात पारोसं कसं जायचं’ हा विचार माझ्याइतका मनावर कुणी घेऊ नये, त्यात माझी पंचवीस मिनिटं गेली. छातीला बाम चोळत बसायचं नाही. जोरजोरात खोकत राहिलं की हार्ट ॲटॅक टळतो हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला घरी वापरण्याचा नाही, त्याने फक्त वेळ जातो. आणि शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. ती गोळी रक्तदाब झपकन खाली आणते, आणि ज्याला ती लिहून दिलेली नाही त्याला उभ्या उभ्या चक्कर येऊन पडायला होतं. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते. नवऱ्याला लाज वाटत असेल तर वाटू दे, डॉक्टरांना ते सांगायचंच.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही. कुठे प्रशिक्षण असेल तर अर्धा दिवस द्या.

टप्पा ३: कोणत्या वाहनाने, कोणत्या दारात

१०८ महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो. रुग्णवाहिकेचा फायदा वेगापेक्षा आतल्या ऑक्सिजनचा, मॉनिटरचा, आणि वाटेत हृदय थांबलं तर शॉक देणाऱ्या यंत्राचा असतो. फोनवर पत्ता सांगताना ओळखीची खूण सांगा आणि कुणाला तरी रस्त्यावर उभं करा.

रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असं फोनवरच कळलं तर गाडीने निघा. पेशंटने चालवायची नाही, पेशंटला मागच्या सीटवर अर्धवट बसतं करायचं आणि शेजारी कुणीतरी बसायचं. स्कूटरवर मधे बसवून नेणं हा आपल्या गावांतला नेहमीचा प्रकार. घेरी आली तर दोघंही रस्त्यावर.

गाडी कागदावरच्या हॉस्पिटलात न्यायची. फॅमिली डॉक्टरांकडे ‘आधी एकदा दाखवून’ नाही. त्यांच्यावर राग नाही, पण त्यांच्याकडे ट्रोपोनिन नाही आणि आयसीयूही नाही. वाटेत हॉस्पिटलला फोन करून एवढंच सांगा: ‘पन्नास वर्षांची बाई, पावणेसहापासून पाठीत आणि जबड्यात दुखतंय, घाम आलाय, मधुमेह नाही, चाळीस मिनिटांत पोहोचतो.’

टप्पा ४: कॅज्युअल्टीत

काउंटरवर पहिलं वाक्य ‘छातीत दुखतंय’ हेच असलं पाहिजे. मी दवाखान्यात ‘ॲसिडिटी झालीये वाटतं’ म्हणाले आणि मला त्याचंच औषध मिळालं. निदान आपण सांगायचं नाही, लक्षण आणि वेळ सांगायची.

पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तुम्हाला नाव-पत्ता भरायच्या रांगेत उभं केलं असेल तर बरोबरच्या माणसाने आत जाऊन पुन्हा सांगावं. इथे भीड धरू नका.

यानंतर सर्वांत जास्त लोक जिथे घसरतात ती जागा येते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हार्ट ॲटॅक नाही, असं होत नाही. ईसीजी हा त्या काही सेकंदांचा फोटो असतो. रक्तवाहिनी अर्धवट तुंबलेली असेल तर तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची तपासणी करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं, पण लगेच नाही. म्हणून एकच तपासणी पुरत नाही. किटच्या प्रकाराप्रमाणे एक ते तीन तासांनी, जुन्या पद्धतीच्या किटला सहा तासांनीही, दुसरी करावी लागते. सकाळी आठला दवाखान्यात माझा ईसीजी खराच नॉर्मल असेल, त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण मला तिथून घरी न जाता रक्त तपासायला जायला हवं होतं.

डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा, लिहून नेलेत तरी चालेल. पहिला ट्रोपोनिन किती वाजता घेतला? दुसरा कधी घेणार? दुसरा येईपर्यंत आम्ही इथेच थांबायचं ना? तिसऱ्याचं उत्तर हो असलं पाहिजे.

न विचारता सांगायच्या गोष्टी: चालू गोळ्या, मधुमेह, दमा, किडनीचा त्रास, आधीची ऑपरेशनं, आणि तंबाखू. मिश्री लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का’ला नाही म्हणतात. मिश्री ही तंबाखूच.

सावध: दुखणं चालू असताना किंवा नुकतंच थांबलेलं असताना कुणी ट्रेडमिलवर पळवून स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली तर आधी ट्रोपोनिनबद्दल विचारा.

पैशाचं बरोबरच्या माणसाने बघायचं, पेशंटच्या कानावर न घालता. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसच्या टेबलावर कार्ड द्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, डिपॉझिट भरण्याच्या आधी. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. बिल भरून झाल्यावर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणणारे मी तीन तरी पाहिलेत.

टप्पा ५: सही करताना

डॉक्टर बाहेर येऊन ‘अँजिओग्राफी (नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचा एक्स-रे) करावी लागेल’ म्हणतात आणि घरचे गोंधळतात. कुणी म्हणतं, मुंबईला नेऊ. कुणी म्हणतं, ओळखीच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवू. दोन्ही चूक किंवा दोन्ही बरोबर असू शकतं, आणि ते एकाच प्रश्नाने ठरतं: ‘रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेला प्रकार आहे का?’

उत्तर हो असेल तर मिनिटं मोजायची. दर मिनिटाला स्नायू मरतो आहे. दुसरं मत, पाहुण्यांची वाट, मुहूर्त, सगळं बाजूला. सही करा.

उत्तर ‘नाही, अर्धवट आहे, पण ट्रोपोनिन वाढलंय’ असं असेल आणि पेशंट स्थिर असेल तर अँजिओग्राफी बहुधा चोवीस तासांत, कधी त्याहून थोडी उशिरा करतात. इथे दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला वेळ मिळू शकतो. किती, ते समोरच्या डॉक्टरांना सरळ विचारा. पेशंट आयसीयूतच राहू द्या आणि फक्त कागद फिरवा. माझं प्रकरण दुसरं होतं, पण दुखणं थांबत नव्हतं म्हणून त्याच संध्याकाळी केलं. मनगटातून नळी घातली, मी जागी होते आणि मला छताचे पंखे मोजता आले.

स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, बॅच क्रमांक वेगळा दाखवलेला असतो. तो बघा. घासाघीस ऑपरेशनच्या दारात नको, पण बिल मात्र वाचायचं.

टप्पा ६: डिस्चार्जच्या दिवशी

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जायच्या आनंदात कुणी नीट ऐकत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी दोन माणसं हवीत, एक सामान आवरायला आणि एक नुसतं ऐकायला.

घ्यायचे कागद: डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड किंवा स्टिकर, टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, सगळे ईसीजी. इकोवर ‘ईएफ’ म्हणून टक्क्यांत एक आकडा असतो, तो हृदय किती जोराने रक्त ढकलतंय ते सांगतो. तो फ्रिजवरच्या कागदावर उतरवून घ्या.

प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा: ही कशासाठी, किती दिवस, राहून गेली तर काय करायचं? घरी जुन्या गोळ्या असतील तर कोणत्या बंद झाल्या हे लिहून घ्या. जुनी आणि नवी, नाव वेगळं पण औषध तेच, अशा दोन्ही घेणारे लोक आहेत. जेनेरिक घ्यायची तर जन औषधी केंद्रातून खुशाल घ्या, पण पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून.

तपासा: पहिल्या भेटीची तारीख ठरली का? रात्री दुखलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? मनगटाची किंवा जांघेची जागा सुजली, तिथून रक्त आलं तर काय करायचं?

टप्पा ७: पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात सगळे घाबरलेले असतात, गोळ्या वेळेवर जातात. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि खरी गडबड तेव्हा सुरू होते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. हार्ट ॲटॅकनंतर स्टेंट बसला की ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर, साधारणपणे वर्षभर देतात. यातली दुसरी मधेच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन रक्तवाहिनी अचानक बंद पडू शकते. मला दोन महिन्यांनी दाढ काढायची होती. एका नातेवाइकाने ‘रक्त थांबणार नाही, चार दिवस बंद ठेव’ सांगितलं आणि मी ठेवली. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. ते फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढली आणि रक्त कापसाच्या बोळ्याने थांबलं. दात, डोळे, एंडोस्कोपी, काहीही करायचं असो, गोळी थांबवायची की नाही हे फक्त स्टेंट बसवणारे ठरवतील.

टिकॅग्रेलॉरने काही जणांना धाप लागल्यासारखं वाटतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने) कधी स्नायू दुखतात. हे खरं आहे, कल्पना नाही. पण गोळी आपणच बंद करून पुढच्या भेटीत सांगायचं, हा क्रम उलटा. आधी फोन, मग बदल. बहुतेकदा दुसरी गोळी मिळते. नाडीचा वेग कमी ठेवणारी गोळी (बीटा ब्लॉकर) तर एकदम कधीच सोडायची नाही.

कोलेस्टेरॉलचं लक्ष्य. लॅबच्या रिपोर्टवर एलडीएलसमोर (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसमोर) ‘१०० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं. ते ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली आणायचं असतं. माझं ८२ आलं तेव्हा घरी पेढे आले, डॉक्टरांनी गोळी वाढवली. स्टॅटिन सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ही तपासणी करतात, ती विसरू नका.

रक्तदाब घरी मोजणं. यंत्र दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नाही. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळ्यांच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस, आणि सगळे आकडे वहीत, आवडलेले तेवढेच नाही. बहुतेक हृदयरुग्णांचं लक्ष्य १३०/८० च्या खाली असतं, तुमचं काय ते विचारून घ्या. पुन्हा पुन्हा दर दहा मिनिटांनी मोजत बसणारेही आहेत (मी होते, पहिले पंधरा दिवस). त्याने फक्त आकडा वाढतो.

चालणं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात आणि अंगणात, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मग दर काही दिवसांनी थोडं थोडं वाढवत. खूण अशी की चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. जेवणानंतर लगेच किंवा थंडीच्या पहाटे नको. छातीत दाब आला तर थांबायचं, आणि थांबूनही गेला नाही तर टप्पा २. पतिपत्नीचे संबंध कधी, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते: दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता आले तर बहुतेकांना हरकत नसते, पण भेटीत विचाराच.

खाण्याबद्दल थोडंच. तेल बदलण्याच्या वादात पडण्याआधी मीठ बघा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, चटणी सगळं आलं. सैंधव मीठही मीठच.

तंबाखू, मिश्री, सिगारेट ‘कमी करतो’ नाही, बंद. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट.

आणि रात्र. दिवे मालवले की आपलेच ठोके ऐकू येतात, डाव्या बाजूला मुंगी चावली तरी उठून बसावंसं वाटतं. हे जवळपास सगळ्यांना होतं आणि कुणी सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांनीही झोप नसेल, रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना लक्षण म्हणून सांगा. त्यावर उपचार असतात.

टप्पा ८: भावंडं आणि मुलं

वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर रक्ताच्या नात्यातल्या इतरांचा धोका वाढलेला धरतात. म्हणून तुमचं झालं की भावंडांना फोन करा आणि चार गोष्टी करायला लावा: रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, एक साधा ईसीजी. रिपोर्ट लॅबकडून नुसते आणून कपाटात ठेवायचे नाहीत, डॉक्टरांसमोर ठेवायचे, ‘माझ्या बहिणीला पन्नासाव्या वर्षी झालं’ या वाक्यासकट.

माझा धाकटा भाऊ पिंपरीत असतो, वय सेहेचाळीस. पहिले दोन महिने ‘मला काही त्रास नाही’ चाललं होतं. शेवटी वहिनीने यंत्र आणून सात दिवस वही लिहिली. सरासरी १५२/९६ निघाली. आता त्याच्या फ्रिजवरही कागद आहे. फक्त त्यात कॅथलॅबचा नंबर त्याने इंटरनेटवरून उतरवला होता. तो फोन लावून बघितला तर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लागला. दुसरा शोधून लिहिलाय.